संपादन आणि परीक्षण यांतील जबाबदारीची विभागणी : भांडारकर संस्थेच्या महाभारत-प्रकल्पाचा इतिहास (१९१९–१९६६)

प्रास्ताविक

अनेकांच्या हातून सिद्ध होणाऱ्या कोणत्याही शास्त्रीय ग्रंथापुढे काही प्रश्न अपरिहार्यपणे उभे राहतात. मूळ मजकूर कोणी तयार करावयाचा, तो कोणी तपासावयाचा, मतभेद झाल्यास अखेरचा शब्द कोणाचा आणि पुढे चूक आढळली तर उत्तर कोणी द्यावयाचे, हे ते प्रश्न होत. कोश, ज्ञानकोश, गॅझेटिअर किंवा तांत्रिक नियमावली यांपैकी काहीही घेतले तरी हे प्रश्न सुटत नाहीत. महाराष्ट्रात विसाव्या शतकात असे अनेक मोठे उपक्रम झाले. परंतु त्यांचा इतिहास बहुधा व्यक्तींच्या चरित्रांतून लिहिला गेला. ज्ञानकोश म्हणजे केतकर, महाभारताची चिकित्सक आवृत्ती म्हणजे सुखटणकर, अशी समीकरणे रूढ झाली. त्या व्यक्तींचे मोठेपण निर्विवाद आहे. मात्र कामाची जी घडी त्यांनी बसविली, तिच्याकडे यामुळे पुरेसे लक्ष गेले नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास नेले. या ४७ वर्षांत तीन पूर्णवेळ प्रधान संपादक आणि दहा पर्व-संपादक झाले, १,२५९ हस्तलिखितांचा विचार झाला आणि १९ खंड प्रसिद्ध झाले. एवढ्या दीर्घ काळात माणसे बदलली, राज्यकर्ते बदलले, देशाची फाळणी झाली. पण १९३३ चा खंड आणि १९६६ चा खंड शेजारी ठेवून पाहिले तर दोहोंची मांडणी एकच दिसते. ही एकरूपता कशी साधली आणि तीत कोणती उणीव राहिली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्हावी ही कल्पना पुण्यात जन्मली नाही. पॅरिस येथे १८९७ मध्ये भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मॉरिझ विंटरनिट्झ यांनी तिची निकड प्रथम आग्रहाने मांडली. पुढे युरोपातील विद्वत्सभांनी हे काम संयुक्तपणे अंगीकारले आणि हाइनरिख लूडर्स यांनी १९०८ मध्ये नमुन्यादाखल काही पाने छापून दाखविली. पहिल्या महायुद्धाने त्या योजनेचा शेवट केला. ६ जुलै १९१७ रोजी, सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात संस्थेची स्थापना झाली. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारतासाठी १ लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले आणि १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते कार्यारंभ झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. काम सुरू झाले तेव्हा पैसा आणि उत्साह होता, हस्तलिखिते जमू लागली होती. परंतु अशा कामाची पद्धती हिंदुस्थानात कोणापाशीही तयार नव्हती. ती प्रत्यक्ष कामातूनच घडवावी लागली.

१९२३ चा नमुना

संपादन मंडळाच्या कामात आरंभापासून सहभागी असलेले ना. बा. उटगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची एक आवृत्ती सिद्ध केली. ती प्रायोगिक असल्याचे तिच्या शीर्षकातच नमूद होते. देशातील व परदेशातील विद्वानांपुढे नमुना ठेवावा, त्यांचे अभिप्राय घ्यावेत आणि मगच मुख्य कामाची पद्धती निश्चित करावी, असा त्यामागील हेतू होता. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे प्रकाशनपूर्व परीक्षण होते. तेही एखाद्या लेखाचे नव्हे, तर संपूर्ण कार्यपद्धतीचे.

या नमुन्याचे महत्त्व पुढील इतिहासकारांनी कमी लेखले आहे, असे म्हणावे लागते. उटगीकरांची आवृत्ती पुढे मागे पडली. विराटपर्वाची प्रमाण आवृत्ती डॉ. रघुवीर यांनी नव्याने केली आणि ती १९३६ मध्ये निघाली. परिणामी १९२३ चे पुस्तक म्हणजे एक फसलेला आरंभ, अशी समजूत दृढ झाली. वस्तुतः ते पुस्तक मागे पडावे यासाठीच काढले होते. मोठ्या प्रकल्पात एक संपूर्ण पर्व केवळ टीका ओढवून घेण्यासाठी छापणे, आणि ती टीका स्वीकारून स्वतःचे श्रम बाजूला सारण्याची तयारी ठेवणे, हे त्या काळच्या विद्वत्-व्यवहारात विरळाच होते.

पाठमेलनाचे दालन

डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर ऑगस्ट १९२५ मध्ये प्रधान संपादक झाले. केंब्रिजमध्ये गणिताचे आणि बर्लिनमध्ये लूडर्स यांच्या हाताखाली भाषाशास्त्राचे शिक्षण झालेला हा मनुष्य. त्यांच्या गणिती शिक्षणाचा उल्लेख सर्वच चरित्रकार करतात. त्याचा खरा प्रत्यय येतो तो मात्र त्यांच्या काळात स्थिरावलेल्या कामाच्या वाटणीत.

या वाटणीची पहिली पायरी पाठमेलनाची होती. पाठमेलन म्हणजे निरनिराळ्या हस्तलिखितांतील मजकूर एका आधारभूत प्रतीशी ताडून प्रत्येक फरक नोंदविणे. आधारासाठी नीलकंठ चतुर्धराच्या टीकेसह प्रचलित असलेली संहिता घेतली होती. एका कागदावर एक श्लोक, त्याची अक्षरे आडव्या चौकटींत मांडलेली आणि त्याखाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ, अशी रचना असे. हस्तलिखितात पाठ वेगळा आढळला तर तो त्या-त्या अक्षराच्या खालीच लिहावयाचा. उजवीकडे शेऱ्यांसाठी वेगळा रकाना असे. खाडाखोड, समासातील भर, पुसट झालेली अक्षरे यांची नोंद त्यात होई. आधारप्रतीत नसलेले श्लोक सापडले, तर ते स्वतंत्र कागदावर उतरवून मूळ कागदाला जोडले जात. नोंद पूर्ण झाली की तिची पुन्हा पडताळणी होई आणि त्यानंतरच ती संपादकाकडे जाई.

हे काम संस्थेने नेमलेले शास्त्री आणि विद्यापीठाचे पदवीधर करीत. त्यांत उत्तरेकडील लिप्या जाणणारे होते, तसेच दक्षिणेकडील लिप्या जाणणारेही होते. सगळी हस्तलिखिते पुण्यात आणणे शक्य नव्हते. म्हणून बंगाली हस्तलिखितांसाठी शांतिनिकेतन येथे आणि दक्षिणेतील हस्तलिखितांसाठी तंजावर येथे पाठमेलनाची व्यवस्था करण्यात आली. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम अशा लिप्यांतून आलेले पाठ शेवटी एकाच आराखड्याच्या कागदावर एकत्र येत. एकट्या आदिपर्वाची २३५ हस्तलिखिते ज्ञात होती; त्यांपैकी सुमारे ६० प्रत्यक्ष उपयोगात आणली गेली.

या पायरीवर एक निर्बंध कटाक्षाने पाळला जात असे. पाठमेलन करणाऱ्याने निर्णय करावयाचा नाही. लेखनिकाची उघड चूक दिसली तरी ती तशीच नोंदवावयाची. वरवर पाहता हा निर्बंध विद्वान शास्त्र्यांना कमीपणा आणणारा वाटतो. परंतु त्यामागील कारण सबळ होते. ज्याला श्लोक मुखोद्गत आहेत त्याचे डोळे कागदावरील अक्षर वाचण्याआधी स्मरणातील अक्षर वाचतात. ज्ञान जितके अधिक, तितका नकळत ‘सुधारणा’ होण्याचा धोका अधिक. अक्षराला चौकट नेमून देण्याने हा धोका बऱ्याच अंशी टळत असे, कारण अवघ्या श्लोकाच्या प्रवाहात वाहून न जाता एकेका अक्षरापाशी थांबावे लागे. नोंद आणि निर्णय यांत राखलेले हे अंतर हाच संपूर्ण योजनेचा पाया होता.

संपादकाचा निर्णय आणि नागमोडी रेघ

दुसरी पायरी पर्व-संपादकाची. त्याने पाठभेदांतून एक पाठ निवडावयाचा. निवडीची तत्त्वे सुखटणकरांनी १९३३ मध्ये आदिपर्वाच्या विस्तृत प्रस्तावनेत मांडली. परस्परांशी संपर्क नसलेल्या परंपरा, विशेषतः काश्मीरकडील आणि दक्षिणेकडील, जेथे एकमताने एक पाठ देतात तेथे तो पाठ जुना मानावा, हे त्यांतील प्रमुख तत्त्व होय. कोणत्याही हस्तलिखितात नसलेला पाठ संपादकाने स्वतः कल्पून घालणे जवळजवळ वर्ज्य होते. त्या प्रस्तावनेचा उल्लेख पाठचिकित्सेचा पाठ्यग्रंथ म्हणून होतो, तो योग्यच आहे. परंतु सहकारी संपादकांच्या दृष्टीने ती एक नियमावली होती. लाहोरला बसलेला संपादक आणि पुण्याला बसलेला संपादक यांनी सारख्याच पुराव्यावरून सारख्याच निष्कर्षास यावे, हा तिचा व्यावहारिक उपयोग होता.

संपादकाच्या अधिकारावर दोन मर्यादा होत्या आणि दोन्ही छापील पानावर दिसतात. पहिली मर्यादा अशी की, नाकारलेला पाठ नाहीसा करावयाचा नाही. तो पानाच्या तळाशी, कोणत्या हस्तलिखितात आहे त्या संकेताक्षरासह, द्यावयाचा. अधिकचे श्लोक तारांकित करून द्यावयाचे आणि मोठे उतारे परिशिष्टात ठेवावयाचे. दुसरी मर्यादा नागमोडी रेघेची. स्वीकारलेला पाठ निश्चित नाही असे संपादकास वाटले, तर त्या शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली जाई. आपला निर्णय कोठे दुबळा आहे हे निर्णय करणाऱ्यानेच वाचकाला दाखवून देण्याची ही सोय होती. विद्वानांच्या स्वभावाचा विचार करता ती सहज पचनी पडणारी नव्हती.

या मर्यादांचे मोल कळण्यासाठी संहितेतून खाली गेलेल्या मजकुराकडे पाहावे. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहून घ्यावे, ही महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक असलेली कथा परिशिष्टात गेली. स्वयंवरात द्रौपदीने कर्णाला सूत म्हणून नाकारल्याचा प्रसंग मुख्य संहितेबाहेर पडला. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने श्रीकृष्णाचा धावा केल्याचे श्लोक सभापर्वाच्या तळटीपांत आले. विराट आणि भीष्म या पर्वांतील दुर्गास्तोत्रे परिशिष्टांत गेली. कीर्तनकारांनी आणि नाटककारांनी शतकानुशतके जोपासलेले प्रसंग हलविण्याचा हा निर्णय होता. एखाद्या व्यक्तीच्या शब्दावर तो टिकला नसता. प्रत्येक वेळी पुरावा त्याच पानावर किंवा त्याच खंडात छापलेला असल्यामुळे आक्षेप घेणाऱ्याला संपादकाच्या हेतूविषयी नव्हे, हस्तलिखितांविषयी बोलणे भाग पडले.

दूरस्थ पर्व-संपादक

पर्वांची वाटणी पुण्यापुरती मर्यादित नव्हती. विराटपर्वाचे संपादक रघुवीर लाहोरला, उद्योगपर्वाचे (१९४०) सुशीलकुमार डे ढाक्याला आणि सभापर्वाचे (१९४४) फ्रँकलिन एजर्टन अमेरिकेतील येल विद्यापीठात. पाठमेलन केंद्रीय ठेवावयाचे आणि निर्णय दूरच्या संपादकाकडे सोपवावयाचा, ही व्यवस्था पाठमेलनाच्या कागदांमुळेच शक्य झाली. मूळ हस्तलिखिते न हलविता त्यांतील सर्व माहिती संपादकाच्या मेजावर पोहोचू शकत होती. दुसरे महायुद्ध चालू असताना सभापर्व छापून निघाले, ही घटना त्या दृष्टीने बोलकी आहे.

तिसरी पायरी प्रधान संपादकाची. सर्व पर्वांत तत्त्वे सारखी लागू होतात की नाही, संकेत एकसारखे आहेत की नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी त्याची. डे यांनी पुढे द्रोणपर्वही (१९५८) केले. रा. ना. दांडेकरांकडे शल्य (१९६१) व अनुशासन (१९६६), ह. दा. वेलणकरांकडे सौप्तिक (१९४८), वा. गो. परांजपे यांच्याकडे स्त्रीपर्व (१९५६), र. दा. करमरकरांकडे आश्वमेधिक (१९६०) आणि प. ल. वैद्यांकडे कर्णपर्व (१९५४) होते.

परीक्षकाचे परीक्षण

उरलेल्या पर्वांची यादी पाहिली म्हणजे या घडीतील नाजूक जागा दिसते. आदि (१९३३) आणि आरण्यक (१९४२) सुखटणकरांनी स्वतः संपादित केली. भीष्म (१९४७), शांति (१९५४) आणि अखेरची चार लहान पर्वे (१९५९) डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी केली, आणि त्या काळात प्रधान संपादकही तेच होते. म्हणजे अठरापैकी आठ पर्वांत संपादक आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारा एकच होता. त्यांत आदि, आरण्यक आणि शांति यांसारखी मोठी पर्वे येतात. पायऱ्यांची आखणी कागदावर कितीही नेटकी असली तरी निम्म्याच्या जवळपास ठिकाणी तिसरी पायरी दुसरीतच मिसळली होती. संपादन मंडळ अस्तित्वात होते, हे खरे. आदिपर्वाच्या मुखपृष्ठावर सुखटणकरांच्या नावाखाली ‘सहकार्याने’ म्हणून बेलवलकर, पां. वा. काणे, विंटरनिट्झ, वैद्य आदींची नावे आहेत. परंतु मंडळ शब्दाशब्दाची तपासणी करू शकत नव्हते, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

हे काम बाहेरच्या विद्वानांनी केले, कारण त्यांना ते करता येईल अशी सोय ठेवली होती. आदिपर्व १९२७ पासून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होत गेले. पुढील हप्ते तयार होत असतानाच पहिल्यावर परीक्षणे येऊ लागली. त्यांत सर्वांत मूलगामी आक्षेप फ्रान्सचे सिल्व्हाँ लेव्ही यांचा होता. मूळ संहितेच्या शोधाचा हव्यास सोडून नीलकंठी संहिताच छापावी आणि तिला पाठभेद जोडावेत, असे त्यांनी १९२९ मध्ये सुचविले. ही सूचना मान्य झाली असती तर दुसरी पायरीच नाहीशी झाली असती. नोंद उरली असती, निर्णय उरला नसता. सुखटणकरांनी ती नाकारली आणि नाकारण्याची कारणे आपल्या प्रस्तावनेत दिली. वॉल्टर रुबेन यांच्या आक्षेपांना त्यांनी संस्थेच्या ‘ॲनल्स’ या नियतकालिकात १९३० मध्ये स्वतंत्र लेखाने उत्तर दिले. प्रधान संपादकाने परीक्षकाला खाजगी पत्राने न समजावता छापील उत्तर द्यावे, हा पायंडा यातून पडला.

यानंतर कोणी योजली नव्हती अशी एक परीक्षा झाली. आदिपर्व प्रसिद्ध झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून त्या पर्वाचे एक अतिशय जुने हस्तलिखित उपलब्ध झाले. संपादनाच्या वेळी ते कोणाच्याच हाती नव्हते. सुखटणकरांनी त्याचा सविस्तर वृत्तांत ‘ॲनल्स’मध्ये दिला. जो मजकूर आपण प्रक्षिप्त म्हणून खाली घातला होता, त्याच्या बाबतीत हे हस्तलिखित आपल्या निर्णयांना मोठ्या प्रमाणावर दुजोरा देते, असे त्यांनी दाखविले. हा दुजोरा संपादकानेच दिलेला, हे विसरून चालणार नाही. तथापि नवा पुरावा आणि जुना निर्णय दोन्ही छापील स्वरूपात समोर असल्याने इतरांना पडताळा घेणे शक्य होते. गणिताच्या विद्यार्थ्याला हा प्रकार मनापासून आवडला असला पाहिजे.

याच सुमारास, याच पुण्यात, श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड एका तपाच्या आसपास पूर्ण केले, आणि त्या वेगाशी महाभारताच्या ४७ वर्षांची तुलना अधूनमधून केली जाते. ती न्याय्य नाही. केतकरांच्या कार्यालयात लेखन, संपादन आणि अखेरची मान्यता या गोष्टी एका छपराखाली, बहुतांशी एकाच्या दृष्टीखाली होत्या. वेग त्यामुळे आला. ज्ञानकोश हा केतकरांचा ग्रंथ राहिला तोही त्यामुळेच.

१९४३ नंतर

जानेवारी १९४३ मध्ये संस्थेचा रौप्यमहोत्सव साजरा झाला आणि काही दिवसांतच, २१ जानेवारीला, सुखटणकरांचे निधन झाले. त्यावेळी आदि, विराट, उद्योग आणि आरण्यक ही चारच पर्वे प्रसिद्ध झाली होती. एका व्यक्तीच्या विद्वत्तेवर उभे असलेले काम येथे थांबले असते. बेलवलकरांनी सूत्रे घेतली. १९६१ मध्ये त्यांच्यानंतर प. ल. वैद्य आले. बेलवलकरांची प्रकृती आणि अभिरुची सुखटणकरांहून वेगळी होती. तरीही हस्तलिखितांची संकेताक्षरे, तारांकित श्लोक, परिशिष्टे, नागमोडी रेघ यांत बदल झाला नाही. १९४७ मध्ये लाहोर आणि ढाका परदेशात गेले. पाठमेलनाचे दालन पुण्यात होते, ते चालू राहिले.

२२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत आवृत्तीच्या पूर्ततेची घोषणा झाली. हरिवंशाचे काम वैद्यांच्या संपादनाखाली त्यानंतर पुरे झाले.

श्रेयाची वाटणी मात्र जबाबदारीच्या वाटणीइतकी काळजीपूर्वक झाली नाही. प्रत्येक पर्वावर संपादकाचे नाव आहे, आणि ते असणे आवश्यकच होते, कारण निर्णयाला धनी हवा. ज्यांची १९२३ ची आवृत्ती मागे पडली त्या उटगीकरांचे नावही आदिपर्वाच्या मुखपृष्ठावर सहकाऱ्यांच्या यादीत आहे. चौकटींतून अक्षरे भरणाऱ्या आणि ती पुन्हा तपासणाऱ्या शास्त्र्यांची नावे त्या पानावर नाहीत. ती शोधावयाची तर संपादकांच्या प्रस्तावनांतील आभाराच्या परिच्छेदांपर्यंत जावे लागते, आणि एखाद्या श्लोकाखालील विशिष्ट पाठभेद त्यांपैकी कोणी टिपला, हे छापील खंडावरून सांगता येत नाही.